बाटलीतलं जहाज: डोलकाठ्या आत गेल्यावर का उठत नाहीत आणि काच आतून का धुरकटते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाइनच्या ७५० मिलीच्या बाटलीत तीन डोलकाठ्यांचं, चौकोनी शिडांचं जहाज घातलं. समुद्र प्लास्टर ऑफ पॅरिसचा केला. जहाज आत गेलं, पण दोरा ओढूनही डोलकाठ्या उठेनात आणि जोर लावल्यावर दोरा तुटला. बूच लावल्यावर दोन दिवसांत काच आतून धुरकट झाली. चुकलं काय, आणि पुन्हा करताना क्रम कसा ठेवायचा?

दोन्ही बिघाडांची कारणं जहाज आत जाण्याआधीच तयार झालेली होती. डोलकाठ्या उठल्या नाहीत त्या बिजागरी आणि दोऱ्याच्या कोनामुळे, आणि काच धुरकटली ती प्लास्टरमध्ये अडकलेल्या पाण्यामुळे. या कामात बाटलीच्या आत फार थोडं करता येतं. जे करायचं ते बाहेर, टेबलावर, मोजून करायचं आणि तिथेच पुन्हा पुन्हा तपासायचं. म्हणून हे उत्तर मोजमापापासून सुरू करतो.

आधी जहाजाची निवड. पहिल्या कामाला तीन डोलकाठ्यांचं चौकोनी शिडांचं जहाज घेऊ नका. त्यात बारा-पंधरा आडव्या काठ्या असतात, प्रत्येक काठी दुमडताना डोलकाठीला समांतर फिरावी लागते आणि प्रत्येक काठी अडकायची एक जागा असते. दोन डोलकाठ्यांची स्कूनर घ्या. तिची शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे ती मागे झोपवणं सोपं जातं. खाली दिलेली सगळी मापं स्कूनरची आहेत.

बाटलीचा तळ कापत नाहीत, जहाज तोंडातूनच जातं. डोलकाठ्या मागे झोपवायच्या, जहाज मागच्या टोकाकडून आत सारायचं, आणि पुढच्या टोकातून बाहेर आलेले दोरे ओढून डोलकाठ्या उभ्या करायच्या. ही कला जुनी आहे. जर्मनीतल्या ल्युबेक शहराच्या संग्रहालयात १७८४ सालचं बाटलीतलं जहाज आहे. खलाशांमध्ये मात्र ती पसरली एकोणिसाव्या शतकात, स्वच्छ काचेच्या बाटल्या स्वस्त झाल्यावर. लाकडाचे तुकडे, दोरा, पुट्टी आणि रंग एवढंच जहाजावर हाताशी असे, आणि आजही यापेक्षा फार काही लागत नाही.

बाटली

पारदर्शक काचेची, सरळ खांद्यांची बाटली घ्या. हिरव्या काचेत रंग मरतात. रम किंवा व्हिस्कीच्या बाटलीच्या तोंडात बहुतेक वेळा प्लॅस्टिकची जाळी-गोळी बसवलेली असते. ती गरम पाण्यात तोंड बुडवून, मग पकडीने ओढून काढता येते, पण काढताना तोंडाचा कपचा उडाला तर ती बाटली सोडून द्या. काचेवर उठावाची अक्षरं नकोत. बाटलीला साच्याच्या दोन उभ्या शिवणी असतात. बाटली आडवी ठेवताना एक शिवण खाली समुद्राखाली आणि दुसरी वर येईल अशी ठेवली की जहाजासमोर रेघ येत नाही.

वाइनच्या बाटलीचं तोंड आतून साधारण १८.५ मिमी असतं, पण प्रत्यक्ष मोजा, आणि मोजायचा तो सगळ्यांत अरुंद भाग. त्यातून दीड मिमी वजा करा. उरलेले १७ मिमी हे तुमचं खरं माप.

पोटाचा आतला व्यास पट्टीने मोजता येत नाही, पण पाण्याने मोजता येतो. बाटलीच्या सरळ भागावर बरोबर १० सेंमी अंतरावर चिकटपट्टीच्या दोन खुणा करा. खालच्या खुणेपर्यंत पाणी भरा, मग वरच्या खुणेपर्यंत किती मिली लागतं ते मोजपात्राने पाहा. ३५० मिली लागलं तर व्यास जवळजवळ ६७ मिमी, ३६५ लागलं तर ६८, ३८० लागलं तर साडेएकोणसत्तर. मधल्या आकड्यांना अंदाज पुरतो.

मग बाटली भांड्यांच्या साबणाने धुवा. क्षारांचे डाग असतील तर व्हिनेगर आणि मूठभर तांदूळ घालून हलवा. शेवटचं खळबळणं बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने करा, कारण नळाच्या पाण्याचे थेंब वाळले की पांढरे ठिपके राहतात आणि समुद्र झाल्यावर ते पुसता येत नाहीत. उलटी टांगून दोन दिवस वाळवा. लगेच लाकडी बैठक करून बाटली तिच्यात पक्की बसवा. बाटली लोळत असताना समुद्र सपाट होत नाही.

आकडे

व्यास ६८ मिमी धरू. समुद्र मध्यभागी १२ मिमी जाड केला तर त्याचा पृष्ठभाग सुमारे ५२ मिमी रुंद होतो आणि वर ५६ मिमी उंची उरते. डोलकाठीच्या टोकावर निदान ६ मिमी मोकळे सोडा. म्हणजे पाण्याच्या रेषेपासून टोकापर्यंत ५० मिमी मिळाले. डेक पाण्यापासून ६ मिमी उंच धरला तर मागची, म्हणजे मोठी डोलकाठी ४४ मिमी आणि पुढची ४१ मिमी.

धड ६५ मिमी लांब, १२ मिमी रुंद आणि मध्यभागी ६ मिमी उंच. पाण्याखालचा भाग करायचाच नाही. पुढची डोलकाठी पुढच्या टोकापासून १८ मिमीवर, मागची ३८ मिमीवर. पुढे झुकलेली बोस्प्रिटची काठी १८ मिमी बाहेर आणि २० अंश वर.

हे तोंडातून जाईल का, ते पायथागोरसच्या नियमाने आधीच कळतं. १७ मिमीच्या वर्तुळात १२ मिमी रुंद वस्तू घातली तर उंचीला १७ चा वर्ग वजा १२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे १२ मिमी मिळतात. धडाचे ६ गेले. उरलेल्या ६ मिमीत झोपलेल्या डोलकाठ्या, बूम (शिडाची खालची काठी), शिडं आणि दोरे बसले पाहिजेत. धड १४ मिमी रुंद केलं तर एकूण उंची साडेनऊच मिळते आणि दुमडलेल्या शिडांना साडेतीन मिमी उरतात, जे पुरत नाहीत. दोन मिमीच्या हव्यासाने जहाज तोंडात अडकतं ते असं. धड याहून रुंदच हवं असेल तर ते लांबीत दोन-तीन भागांत करून आत जोडतात, पण ते पहिल्या कामात नको.

प्रमाणाबद्दल एक सांगायला हवं. ३० मीटरची स्कूनर ६५ मिमीत आली म्हणजे ती जवळजवळ ४६० पट लहान झाली. या प्रमाणात माणूस पावणेचार मिमीचा, आणि ०.१ मिमीचा दोरा म्हणजे खऱ्या जहाजावरचा ४६ मिमी जाड दोर. बाजारातला बारीकातला बारीक दोरासुद्धा इथे जाडच आहे. म्हणून खऱ्या जहाजावरचे सगळे दोर दाखवायचा मोह सोडा. डोलकाठ्या तोलणारे मुख्य दोर ठेवा, बाकीचे गाळा. कमी दोऱ्यांचं जहाज जास्त खरं दिसतं, आणि उभंही राहतं.

धड आणि बिजागरी

लाकूड बारीक रेषांचं हवं. हेद किंवा शिवण या झाडांचं चांगलं. सागवान या आकारात कपच्या सोडतं. बाल्सा कोरायला सोपं, पण त्यात तारेची बिजागरी पकड धरत नाही, आणि दोरा ओढला की तार उपटून येते. रंग दिल्यावर आठवडाभर मोकळ्या हवेत ठेवा. ओल्या इनॅमलचा वास बंद बाटलीत काचेवर थर म्हणून बसतो.

डोलकाठ्यांना बांबू वापरा. मसाला न लावलेली अगरबत्तीची काडी सरळ आणि दीड मिमीच्या आसपास जाड मिळते. खराट्याचा हीर सरळ दिसतो, पण वाळल्यावर त्याला भोक पाडताना तो उभा चिरतो. भोकांसाठी सर्किट बोर्डाला वापरतात ती ०.५ मिमीची ड्रिल आणि हाताने फिरवायचा पिन वाइज पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ही ड्रिल मिळते. विजेचं यंत्र वापरू नका, एवढ्या बारीक काडीत ते भोक फाडतं.

डोलकाठीच्या पायापासून दीड मिमी वर आडवं भोक पाडा. त्यातून ०.४ मिमीची तांब्याची तार घाला, दोन्ही पाय खाली वळवा आणि डेकवरच्या दोन भोकांत बसवून चिकटवा. लोखंडी तार नको, ती आतल्या दमटपणात गंजते. डोलकाठीच्या पायाचा मागचा कोपरा घासून गोल करा, म्हणजे ती मागे झोपेल. पुढचा कोपरा चौकोनीच ठेवा. डोलकाठी सरळ उभी राहिली की तो कोपरा डेकला टेकतो आणि ती पुढे कलंडत नाही. नेमका हाच बारकावा बऱ्याच वर्णनांतून सुटतो. दोन्ही कोपरे गोल केलेली डोलकाठी पुढे-मागे डुलत राहते, आणि दोन्ही चौकोनी ठेवलेली झोपतच नाही. बिजागरी बाहेर असताना सैल वाटली पाहिजे. आत ओलावा असला की बांबू थोडा फुगतो आणि घट्ट बिजागरी आणखी आवळते.

दोरे

भरतकामाच्या रेशमी धाग्याचा एक पदर किंवा बारीक पॉलिस्टर दोरा घ्या. सुती दोऱ्याला कूस असते, नायलॉनची तंगूस गाठीतून निसटते आणि गुंडाळीचा बाक सोडत नाही. दोरा मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा आणि चिमटीतून घासून घ्या, म्हणजे मेण आत मुरेल आणि वर गोळा राहणार नाही.

बाजूचे तणावे, म्हणजे डोलकाठीपासून धडाच्या कडांना येणारे दोर, नेहमी डोलकाठीच्या रेषेत किंवा तिच्या मागे २-३ मिमीवर बांधा. रेषेतल्या दोराची लांबी डोलकाठी झोपली तरी बदलत नाही. मागच्या दोराला झोपताना ढील मिळते आणि उभं राहताना तो ताणला जातो, म्हणजे तोच पुढे जाण्यापासून थांबवतो. पुढे बांधलेला दोर मात्र डोलकाठीला झोपूच देत नाही.

दोन डोलकाठ्यांना जोडणारा दोर असतो, ज्याने पुढची उठली की मागचीही उठते. हा दोर दोन्ही डोलकाठ्यांवर बिजागरीपासून सारख्याच उंचीवर बांधायचा. इथे ३८ मिमीवर. टोकाला टोक बांधलं तर काय होतं पाहा. उभ्या स्थितीत ४४ आणि ४१ मिमीच्या टोकांमधलं अंतर २०.२ मिमी आहे, पण दोन्ही झोपल्यावर ते २३ मिमी होतं. दोर जवळजवळ तीन मिमी अपुरा पडतो, मागची डोलकाठी पूर्ण झोपत नाही, आणि तोंडातून सारताना तीच मोडते किंवा दोर सुटतो. सारख्या उंचीवर बांधला की दोन्ही स्थितींत अंतर २० मिमीच राहतं.

बाहेर ओढायचे दोरे दोनच. पहिला पुढच्या डोलकाठीच्या टोकापासून बोस्प्रिटच्या टोकाच्या भोकातून खाली, दुसरा त्याच डोलकाठीवर २८ मिमी उंचीवरून बोस्प्रिटच्या मधल्या भोकातून खाली. भोकं ०.५ मिमीची, आणि आतून सुईने घासून गुळगुळीत केलेली. प्रत्येक दोऱ्याची शेपटी निदान ४० सेंमी ठेवा आणि टोकाला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा.

आता दोरा का तुटला ते. डोलकाठी सपाट झोपलेली असताना दोरा जवळजवळ तिच्याच रेषेत, थेट बिजागरीकडे ओढतो. उचलणारा जोर त्यातला फारच थोडा असतो. वरच्या मापांत, झोपलेल्या स्थितीत दोऱ्याची रेषा बिजागरीपासून जेमतेम साडेतीन मिमीवरून जाते, उभ्या स्थितीत तीसेक मिमीवरून. म्हणजे सुरुवातीला आठ-नऊ पट जास्त ओढ लागते, आणि बोस्प्रिट २० अंश वर ठेवूनही हे इतकं आहे. बोस्प्रिट आडवी असली तर ओढीचा काही उपयोगच होत नाही. उपाय दोन. बोस्प्रिटला वर कल द्यायचा, आणि आत गेल्यावर आधी तारेच्या आकड्याने डोलकाठी १५-२० अंश हलकेच उचलून मगच दोरा ओढायचा. नुसत्या दोऱ्याने सुरुवात करू नका.

शिडं

छपाईचा नेहमीचा कागद जाड पडतो. ट्रेसिंग पेपर किंवा पातळ बटर पेपर घ्या, पातळ चहाच्या पाण्यात बुडवून सपाट वाळवा आणि पेन्सिलीवर गुंडाळून थोडा फुगवटा द्या. बूम आणि गाफ, म्हणजे शिडाची खालची आणि वरची काठी, डोलकाठीला दोऱ्याच्या सैल फासाने जोडा, म्हणजे त्या तिला समांतर मिटतील. शीड वरच्या काठीला पूर्ण चिकटवा, डोलकाठीच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी दोऱ्याचे फास द्या, आणि खाली फक्त बूमच्या टोकाला एक टाका. चारही कडा चिकटवल्या की मिटताना कागद चुरगळतो आणि ती घडी पुन्हा जात नाही.

पुढची तिकोनी जिबची शिडं थेट ओढायच्या दोऱ्यांवर, कागदाची कड दोऱ्याभोवती दुमडून चिकटवतात. शिडाचं खालचं टोक बोस्प्रिटच्या भोकापासून ४ मिमी अलीकडेच संपलं पाहिजे. नाहीतर डोलकाठी अजून कललेली असतानाच कागद भोकाशी येऊन थांबतो.

जाड पुठ्ठ्यात १७ मिमीचं गोल भोक करा आणि पूर्ण दुमडलेलं जहाज त्यातून दोन्ही दिशांनी न्या. मग टेबलावर चिकणमातीत रोवून दोऱ्यांनी उभं करा, पुन्हा झोपवा. हे लागोपाठ दहा वेळा विनाअडथळा झालं नाही तर जहाज बाटलीत घालायचं नाही. दरवेळी एकाच जागी अडकत असेल तर ती जागा बदला. बहुतेकदा तो डेकवरच्या खोलीचा कोपरा असतो किंवा धडाच्या कडेखाली गेलेला तणावा.

समुद्र

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या १०० ग्रॅम भुकटीला घट्ट व्हायला रासायनिकदृष्ट्या १९ ग्रॅमच्या आत पाणी लागतं. पण ओतण्याजोगं करायला आपण ६०-७० ग्रॅम घालतो. उरलेलं सगळं पाणी त्या अठरा मिमीच्या तोंडातूनच बाहेर जायला हवं, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. वरून घट्ट दिसलं म्हणून बूच लावलं की ते पाणी काचेवर जमतं.

माझी पसंती खडूची भुकटी आणि जवसाच्या तेलाच्या पुट्टीला. त्यात पाणीच नाही, आणि ती सावकाश वाळते म्हणून लाटा हव्या तशा घडवता येतात. वर काढलेल्या मापांत १३ सेंमी लांबीच्या समुद्राला साधारण ५५ घनसेंमी पुट्टी लागते. १०० ग्रॅम भुकटीला उकळलेलं जवसाचं तेल १८ ते २० ग्रॅम घेऊन हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळा. रंग चित्रकाराचे तैलरंग. प्रशियन निळा अगदी थोडा, त्यात हिरवा आणि पांढरा. पूर्ण एकजीव करू नका, रंगाच्या रेषा राहू द्या. तेल लागलेली फडकी चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवून मग फेका.

जुन्या फायलीच्या प्लॅस्टिकची गुंडाळी करून बाटलीच्या तोंडात अस्तरासारखी घाला, म्हणजे काचेला तेल लागणार नाही. पुट्टीच्या ९ मिमी जाड, ६ सेंमी लांब वळ्या करून एकेक सारा. चौदा-पंधरा वळ्या होतील. हत्यारांसाठी सायकलचे स्पोक आणि छत्रीच्या काड्या उत्तम. एकाचं टोक ठोकून चपटं करा, एकाला आकडा, एकाला चमच्यासारखा बाक. पहिला थर पातळ आणि काचेवर दाबून बसवा. समुद्र खालून आणि बाजूनेही दिसतो, आणि दबलेली हवा चंदेरी डागांसारखी चमकते. मग वरचे थर. जहाजाच्या तळाच्या आकाराचा लाकडी नमुना तारेला लावून ओल्या पुट्टीत दोन मिमी दाबा आणि काढून घ्या. जहाजाची बैठक तयार झाली. दीपगृह, खडक, किनाऱ्यावरची घरं, जे काही देखाव्यात हवं ते याच वेळी, तुकड्यांत, मागून पुढे बसवा. जहाज उभं राहिल्यावर त्याच्या मागे हत्यार जात नाही.

लाटांची दिशा शिडांच्या फुगवट्याशी जुळली पाहिजे. वारा डावीकडून येत असेल तर शिडं उजवीकडे फुगतात, जहाज किंचित उजवीकडे झुकतं आणि लाटांचा तीव्र उतारही उजवीकडेच असतो. पुढच्या टोकाशी दोन बाजूंना फुटणारं पाणी आणि मागे पसरत जाणारा माग, एवढ्याला पांढरा रंग पुरे. सगळ्या लाटांवर फेस चढवला की समुद्राची खोली जाते.

जवसाचं तेल वाळतं ते हवेतला ऑक्सिजन घेऊन. बाटलीचं तोंड बंद केलं की वाळणं थांबतं, आणि वाळताना सुटणारी वाफ काचेवर पिवळट थर धरते. म्हणून तोंडावर फक्त जाळीचं कापड बांधून तीन आठवडे ठेवा. आतून पुट्टी काही महिने मऊ राहिली तरी चालते. इतकं थांबायचं नसेल तर एम-सीलसारखी दोन भागांची पुट्टी घ्या, पण २० ग्रॅमहून जास्त एका वेळी मळू नका, गोळा तापतो आणि हातातच घट्ट होतो. मुलांची मेणमाती वापरू नका. एप्रिल-मेच्या उष्म्यात ती ढिली पडते आणि तिचं तेल काचेवर चढतं.

जहाज आत घालणं

धडाखाली दोन छोट्या पितळी टाचण्या उलट्या बसवा, कारण तेलकट पुट्टीवर नुसता गोंद धरत नाही. बैठकीत सावकाश बसणारं अराल्डाइट दोन थेंब टाका. जहाज मागच्या टोकाकडून आत सारा, बैठकीत दाबा आणि दोरे सैल ठेवून तोंडाबाहेर चिकटपट्टीने अडकवा. चोवीस तास हात लावू नका. धड पक्कं होण्याआधी ओढलं तर डोलकाठ्या न उठता जहाजच पुढून वर येतं.

मग आकड्याने आधी मागची, लगेच पुढची डोलकाठी थोडी उचला आणि टोकाचा दोरा ओढत जा. अडलं तर ढील द्या, काय अडकलंय ते पाहा, सोडवा, पुन्हा ओढा. उभ्या राहिल्यावर दुसरा दोरा ताणा. दोन्ही दोऱ्यांना लहान नट बांधून लोंबते ठेवा, म्हणजे ताण सारखा राहील. बोस्प्रिटच्या भोकांवर तारेच्या टोकाने फेव्हिकॉलचा लहानसा थेंब लावा. दुसऱ्या दिवशी तारेला चिकटवलेल्या ब्लेडच्या तुकड्याने दोरे बोस्प्रिटखाली कापा. फेव्हिक्विक बाटलीच्या आत कधीही नको. त्याची वाफ ओलाव्याशी जुळून काचेवर पांढरी बुरशीसारखी बसते. बाहेर, दोऱ्याचं टोक ताठ करायला ते उत्तम आहे.

स्कूनर जमली की कोकणातली फत्तेमारी, म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत, करून पाहा. ती या पद्धतीला अवघड आहे आणि म्हणूनच करण्याजोगी. तिच्या डोलकाठ्या पुढे कललेल्या असतात, तेव्हा पायाचा पुढचा कोपराही त्या कोनात घासावा लागतो आणि थांबवायचं काम मागच्या तणाव्याला करावं लागतं. त्या तणाव्याची लांबी बाहेर अर्ध्या मिमीपर्यंत ठरवून घ्या. तिकोनी शिडाची लांब परबाण, म्हणजे शीड बांधायची तिरपी काठी, डोलकाठीला एकाच फासाने टांगा, म्हणजे ती वळून समांतर झोपेल. परबाण डोलकाठीहून बरीच लांब असल्याने दुमडलेल्या जहाजाची लांबी वाढते. बाटलीच्या सरळ भागात ती मावते का ते आधी पाहा.

बूच

सगळं झाल्यावर आणखी दोन-तीन आठवडे जाळी बांधून ठेवा. मग तोंडावर पातळ प्लॅस्टिक रबराने बांधा आणि बाटली तासभर सौम्य उन्हात ठेवून सावलीत आणा. काचेवर धुकं आलं तर आत ओल आहे. मुंबईत किंवा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये बूच लावूच नका, तेव्हा बाहेरची हवाच ओली असते. डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दिवसाची वाट पाहा, आणि त्याआधी सिलिका जेलची पुडी दोऱ्याने तोंडात टांगून आठवडाभर ठेवा. पुडी काढून लगेच बूच, त्यावर लाख.

धुरकटलेली ती बाटली फेकू नका. बूच काढा आणि सिलिका जेलची पुडी टांगा. दर दोन दिवसांनी ती बदला. जुनी पुडी मंद आचेवरच्या तव्यावर वाळवली की पुन्हा चालते. प्लास्टरच्या जाडीप्रमाणे याला महिना-दीड महिना लागेल. मग वाकवलेल्या तारेला घट्ट कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिळा आणि काच वरून खाली, एका दिशेने पुसा. कापूस दर दोन फटक्यांनी बदला. डोलकाठ्यांसाठी, तुटलेल्या दोऱ्याचं आतलं टोक सापडलं तर त्याला आकड्याने नवा दोरा फास टाकून जोडता येतो. ते बोस्प्रिटच्या भोकातून निसटून मागे गेलं असेल तर आत ते पुन्हा ओवता येणार नाही. मग धडाभोवतीचं प्लास्टर टोकरून जहाज सोडवा, बाहेर काढा आणि बिजागऱ्यांपासून पुन्हा सुरुवात करा.